कंटाळ्याचं वजन

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे, मित्रांनो, आणि माणसाला कंटाळा आला की तो मला सगळ्यांत आधी कळतो. त्याच्या आईला नंतर कळतो आणि त्याला स्वतःला तर फारच उशिरा. ज्याचं मन कामात असतं तो माझ्या पुढच्या कडेवर बसतो. मागची निम्मी गादी मोकळी राहते. मन उडालं की तो मागे रेलतो, मग घसरतो, मग एक पाय माझ्या हातावर टाकतो. वजन तेवढंच असतं, पण जड लागतं. असं एक वजन मी काही वर्षं वाहिलं. त्याबद्दल मला कुणी बोल लावला नाही. मी मात्र स्वतःला लावत असते.

माझा जन्म कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला. कुणी माझे पाय जोडले, कुणी स्पंज कापला, आणि बनुबाई नावाच्या बाईंनी माझ्यावर काळं रेक्झिन ताणून शिवलं. बनुबाई शिवताना भजन गुणगुणत. शेवटचा टाका घालून झाल्यावर त्यांनी मला तळहाताने थोपटलं आणि म्हणाल्या, "जा बाई, चांगल्याच्या बुडाखाली जा." सगळा कारखाना हसला. मी तो आशीर्वाद म्हणूनच घेतला.

सांगलीच्या दुकानात शिवतेज नावाचा तरुण आला. बऱ्याच खुर्च्यांवर बसून बघितलं, आणि माझ्यावर बसला तो उठेचना. शेवटी दुकानदार म्हणाला, "साहेब, दुकान बंद करायचंय. खुर्चीसकट उचलू का?"

शिवतेज मूळचा कडेगावकडचा, इंजिनिअर झालेला, विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये आईबरोबर राहणारा. काम विचाराल तर पत्ते खेळणं. हसू नका. पोकर नावाचा पैज लावून खेळायचा एक खेळ आहे. तेव्हा तो कॉम्प्युटरवर उघड चालत असे. पुढे पैशांचे असले ऑनलाइन खेळ आपल्याकडे कायद्याने बंद झाले. मी सांगते ते त्याच्या आधीचं. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात. ते बघून डाव लढायचा की सोडायचा हे ठरवायचं, आणि समोरच्याच्या मनात काय आहे ते ताडायचं. शिवतेज यात फार वर गेला. इतका, की पडद्यावर त्याचं टोपणनाव दिसलं की देशोदेशीचे पट्टीचे खेळाडू सावध होत.

त्याच्या आई, लीलाबाई, शेजारणींना सांगत, "त्येचं डोक्याचं काम हाय. कंपनीचं न्हाई, सोताचं." यात खोटं काहीच नव्हतं. पूर्ण मात्र नव्हतं.

सुरुवातीच्या वर्षांत तो कडेवर बसायचा. मोठ्या डावात त्याच्या मांड्या ताठ होत आणि डाव संपला की सगळं अंग माझ्यात सुटून पडे. तो मला मऊ फडक्याने पुसायचा, माझ्या चाकांना आणि दांड्याला तेल घालायचा, पाहुण्यांना म्हणायचा, "ही माझी लकी खुर्ची." कौतुक कुणाला नको असतं? मी फुगले होते.

मग एके दिवशी तो मागे रेलला. तो हरत होता म्हणून नव्हे. जिंकत होता. या खेळात वर गेलेल्याचा बहुतेक वेळ डाव सोडण्यातच जातो. पत्ते वाईट, सोड. पुन्हा वाईट, पुन्हा सोड. कुठल्या पत्त्यांचं काय करायचं हे त्याला इतकं पाठ झालं होतं की आधी बटण दाबलं जाई आणि मन मागून येई. पुढे पुढे तर येईनासंच झालं. मोठा डाव जिंकला तरी त्याच्या पाठीत काही हलत नसे.

त्याने उपाय केले. एका वेळी जास्त टेबलं उघडली. आपल्याहून भारी माणसं हुडकून त्यांच्याशी खेळला. एकदा तर पडद्यावर आपल्या पत्त्यांच्या जागी कागदाचा तुकडा चिकटवला आणि आपले पत्ते न बघताच दुपारभर खेळला. त्यातही जिंकला. मग माझ्यावर बसून गरागरा फिरत राहिला, घेरी येईपर्यंत. आणि मनातून तो शरमलेलाही असे. गावाकडची त्याच्या वयाची पोरं भरतीसाठी पळत होती, ऊसतोडीच्या गाड्या भरत होती, आणि हा घरबसल्या एवढं कमावून कंटाळला होता. हे बोलायचं तरी कुणाजवळ?

लीलाबाईंना कीर्तनाचं वेड. देवळातून आल्या की भाजी निवडता निवडता बुवांचं आख्यान पहिल्यापासून सांगत, बुवांच्या खाकरण्यासकट. एकदा शिवतेजने त्यांना विचारलं, तेच तेच आख्यान ऐकून कंटाळा येत नाही का.

"येतो की," त्या म्हणाल्या. "लय येतो. कवा कवा पेंग बी येती. पर माज्या कंटाळ्यानं बुवांचं काय अडत न्हाई आन् देवाचं बी न्हाई. मग येऊ दे की. बसायचं."

तो हसला. पण जागचा हलला नाही.

त्याच सुमारास अपेक्षा त्यांच्याकडे राहायला आली. ती लीलाबाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे शिवतेजची मावसबहीण. मिरजेला नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष. तिचे वडील नानासो फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता कडेगावला ऊस करणारे. होस्टेलचं जेवण पोरीला सोसेना म्हणून त्यांनी तिला विश्वासाने या घरी ठेवलं होतं. रोज सकाळी ती पांढरा गणवेश घालून बसने मिरजेला जाई आणि उतरत्या दुपारी परत येई.

एका दुपारी ती शिवतेजच्या मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "दादा, हा माणूस घाबरलाय. एरवी एवढा वेळ लावत न्हाई."

शिवतेज झटकन वळला. तिने बरोबर ओळखलं होतं. कुणी शिकवलं नसताना. तो उठला आणि त्याने तिला माझ्यावर बसवलं.

मित्रांनो, ती कडेवर बसली. शिवतेज माझ्या पाठीवर दोन्ही हात रोवून मागे उभा राहिला, आणि त्याच्या तळहातांना घाम आलेला मला कळला. किती दिवसांनी! त्याच्यात विझून गेलेलं सगळं त्याला तिच्या पाठीतून परत मिळत होतं. ती डाव जिंकली की हा टाळी वाजवी, ती चुकली की हा कळवळे. "तुझं डोकं लय चांगलं हाय गं," तो तिला पुन्हा पुन्हा सांगे. तिला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. घरात सगळे तिला चांगली पोरगी म्हणत. डोक्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

आधी तिचे दुपारचे तास बुडाले. मग वॉर्डातली ड्यूटी बुडू लागली. लीलाबाई सकाळी देवळात गेल्या की ती निघायची तयारी करून यायची, आणि गणवेशातच माझ्यावर बसायची. लीलाबाई परतल्या की ड्यूटी लवकर सुटली म्हणायची. मिरजेची बस खिडकीतून दिसे. शिवतेज बस बघायचा. "येवढा डाव झाला की जा," म्हणायचा. डाव व्हायचा, आणि पुढचा सुरू व्हायचा. त्याचे हात माझ्या पाठीवरून निघत नसत. तिने उठू नये असंच त्या हातांना वाटत होतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

मला काय करता आलं असतं? फार तर करकरता आलं असतं. पण त्याने मला इतकं छान तेल घातलं होतं, की माझ्यातून चूं सुद्धा निघालं नाही. मी मऊ होते, आरामाची होते. ती उठली नाही याला मीही थोडी कारण होते.

शेवटी कॉलेजातून नानासोंना फोन गेला. हजेरी इतकी कमी भरली होती की अपेक्षाला शेवटच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच नानासो गुळाची लहानशी ढेप घेऊन दारात आले. लीलाबाईंनी माझ्याकडे बोट करून बसायला सांगितलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. ते बसले, पण त्यांची पाठ माझ्या पाठीला टेकली नाही. फौजी बसणं.

त्यांनी पोरीला एवढंच विचारलं, की काय झालं. अपेक्षाने जमिनीकडे बघत सांगितलं की सारखा ताप येत होता, मुद्दाम कळवलं नाही, घरी काळजी करतील म्हणून. नानासोंनी ते खरं मानलं. एवढंच नाही, ते शिवतेजकडे वळले.

"आजारी पोरीचं तू आन् आक्कानं बघितलंस," ते म्हणाले. "तू हितं हाईस म्हणून मला घोर न्हवता, शिवा. एक वरीस गेलं तर गेलं."

शिवतेज दाराशी उभा होता. गप्प राहिला असता तर सगळं निभावलं असतं. अपेक्षा त्याच्याकडे बघतही नव्हती. ती त्याला वाचवत होती.

"काका," तो म्हणाला, "तिला ताप न्हवता. मी तिला खेळायला बसवत होतो. रोज. तिची ड्यूटी हाय हे मला ठावं होतं."

खेळ कसला, पैज कसली, हे सगळं त्याला मग सांगावं लागलं. स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या लीलाबाई दारातच खाली बसल्या. डोक्याचं काम म्हणून इतकी वर्षं त्या ज्याचा अभिमान बाळगत होत्या ते काय होतं, हे त्यांना आज कळत होतं.

नानासोंनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "का रं?"

शिवतेजने कारण शोधलं असणार. एकच होतं.

"मला कंटाळा आलाता."

नानासोंचा आवाज चढला नाही. बर्फात पहारा असायचा, ते म्हणाले. समोर तोच एक खडक. दिवसभर दुसरं काही नाही. "कंटाळा आमाला बी यायचा की. दुसरं होतंच काय तितं? पर हातात बंदूक असायची. कंटाळा आला म्हणून चाप वडून बघतो व्हय कुणी?"

मग अपेक्षा बोलली.

"मंजे माझं डोकं चांगलं हाय म्हणायचास, ते?"

"ते खरं हाय," तो घाईने म्हणाला.

"असंल खरं. पर तू त्यासाठनं न्हाई शिकवलंस." तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. "मी तुझा टीव्ही व्हते, दादा."

ती आत गेली आणि बॅग भरू लागली. नानासो उठले, तशी माझी गादी फुस्स आवाज करून वर आली. त्या शांततेत तो आवाज मला फार निलाजरा वाटला.

अपेक्षाची ती परीक्षा हुकली. ती मिरजेला होस्टेलवर गेली, बुडालेल्या सगळ्या ड्यूट्या भरून काढल्या, आणि पुढच्या खेपेला पास झाली. तिच्या बरोबरीच्या मुली तोवर नोकरीला लागल्या होत्या. शिवतेजने खेळ बंद केला आणि एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम धरलं. तिथंही कंटाळा येतो म्हणे. तो आईला तसं सांगतो, आणि त्या म्हणतात, येणारच.

आणि मी? माझ्याकडे तो बघेनासा झाला. मला गॅलरीत लोटून दिलं. ऊन लागलं, पावसाची झड लागली, रेक्झिन तडकलं, एका मांजरीने माझ्यावर पिल्लं घातली. मला ती शिक्षा योग्यच वाटली. मग लीलाबाईंनाच काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला टेम्पोत घालून कडेगावच्या एका देवळात पाठवलं, कीर्तनाला खाली बसता न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. पहिल्याच दिवशी लालासाहेब नावाचे आजोबा ऐन अभंगात माझ्यासकट घरंगळत मृदंगवाल्यापर्यंत गेले. बुवा थांबले आणि म्हणाले, "आजोबा, घाई करू नका, देव हितंच हाय." त्या रात्रीनंतर माझी चाकं काढण्यात आली. आता मृदंगावर थाप पडली की ती माझ्या दांड्यातून वर येते. इतकं चांगलं म्हातारपण मिळावं असं मी काही केलेलं नाही. म्हणूनच ते गोड वाटतं, आणि टोचतंही.

यंदाच्या सप्ताहाला गावी आलेल्या लीलाबाई माझ्यावर बसल्या होत्या. डाव्या बाजूला सतरंजीवर शिवतेज. थोड्या वेळाने अपेक्षा आली, ड्यूटी करून थेट मिरजेहून, आणि मावशीजवळ उजव्या बाजूला बसली. नानासो गूळ घेऊन आले त्या सकाळपासून ती त्याच्याशी बोललेली नव्हती. सणाला नाही, फोनवर नाही. दोघांच्या मध्ये मी.

निरूपण लांबलं. शिवतेजचं डोकं माझ्या पायावर कलू लागलं. तेवढ्यात माझ्या पाठीमागून एक हात आला आणि त्याच्या खांद्याला ढोसून गेला.

"दादा, नीट बस. बुवा तुझ्याकडंच बघत्यात."

तो ताठ झाला. तिच्याकडे वळून बघण्याचा मात्र त्याला धीर झाला नाही. ती माफी होती की नुसती नर्सची सवय, मला ठाऊक नाही. कीर्तन संपेपर्यंत तो तसाच ताठ बसून होता.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात, आमची निगा राखा. राखलीत तर बरंच होईल. पण मला मागायचं आहे ते वेगळं. तुम्ही हुशार आहात. कुठल्या तरी गोष्टीत तुम्ही फार पुढे जाल, आणि एखाद्या दुपारी तिचाच तुम्हाला वीट येईल. त्याची लाज धरू नका, बसून राहा, तो जाईल किंवा राहील. फक्त त्या दुपारी, आपलं मन रमावं म्हणून, आपल्यावर विश्वास टाकलेल्या माणसाला माझ्यासारख्या मऊ खुर्चीत बसवू नका.