सातशे चार

लातूरच्या क्लाससाठी जीवशास्त्राचे चार हजार प्रश्न मी लिहिले. आनंदराज सरांनी ते फक्त सर्व्हरवर चढवले, म्हणून फाईलचे मालक ते. ती फाईल वापरणाऱ्या गटात आम्ही दोघंच.

कमांड लाईनवरून परवानगी द्यायचे आकडे त्यांना मीच शिकवले. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी दुनियेचा. सात म्हणजे सगळी मुभा, चार म्हणजे नुसतं वाचणं, शून्य म्हणजे काहीच नाही.

बेडकाच्या हृदयाला मी चुकून तीनऐवजी चार कप्पे लिहिले होते. ते दुरुस्त करायला आज गेले, तर फाईल उघडेना. आकडा पाहिला: ७०४.

"चुकून दाबल्या गेलं असंल, मॅडम," सर म्हणाले.

चुकून? सगळ्या दुनियेनं वाचावं आणि गटानं तेवढं वाचू नये, हे चुकून होतं? गटात माझ्याशिवाय दुसरं आहे कोण?

एका विद्यार्थिनीच्या लॉगिननं फाईल लगेच उघडली. वर माझं नाव होतं, तिथं आता होतं, 'लेखन: आनंदराज सर'. खाली बेडकाचे चार कप्पे जसेच्या तसे.

राहू द्या. आता तेही सरांचेच.