मुरडलेला दांडा

"मॅडम, तुमीच सांगा. तुमच्या तोंडनं ऐकलं की माणूस भांडत न्हाय," असं म्हणून गाड्या दुरुस्तीच्या वर्कशॉपचे सुपरवायझर असलेल्या सयाजीरावांनी प्रमोदिनीला पुन्हा एकदा काउंटरवर पुढं केलं.

काउंटरपलीकडे एक गृहस्थ लालबुंद होऊन उभे होते. त्यांच्या गाडीच्या मागच्या दाराचे पैसे विमा कंपनी देणार नव्हती. प्रमोदिनीनं ते हळू आवाजात सांगितलं. आवाज चढवायची तिला सवयच नव्हती. गृहस्थ आधी ओरडले, मग नुसतेच बोलले, मग सही करून निघून गेले.

"बघा!" सयाजीराव हसले. "देवानं गळा दिलाय तुमास्नी. फुकट कशाला घालवायचा?"

प्रमोदिनीनं सही झालेला कागद फायलीत लावला. पण ती इथं गळा द्यायला आली नव्हती. ठोकलेल्या गाडीचं एस्टिमेट काढायचं काम शिकायला आली होती. काय दुरुस्त होईल, काय बदलावं लागेल, मजुरी किती, रंग किती, हे गाडीकडे बघून लिहायचं. जयसिंगपुरात ती ज्या कापडदुकानात हिशेब लिहायची ते बंद झालं. नवरा साखर कारखान्यात हंगामी. हंगाम नसला की घरी. 'शिकाऊ पाहिजेत' ही पाटी वाचून तिनं चाळिशीत पुन्हा शिकायचं ठरवलं आणि रोज सकाळची एसटी धरून कोल्हापूरला येऊ लागली. शिकाऊपण संपत आलं होतं. पुढच्या महिन्यात कायमचं पत्र मिळायचं होतं, आणि ते पत्र सयाजीरावांच्या शब्दावर होतं.

शिकवलं मात्र कुणी? बरोबरीची दोन पोरं गाडीखाली झोपून बघायची. तिला सयाजीराव म्हणायचे, "बाईमाणसानं गाडीखाली कशाला? साडीला ऑइल लागंल." एकदा ती पंजाबी ड्रेस घालून आली. तर म्हणाले, "आज लग्नाला निघालाय काय?"

सयाजीराव कामात वाघ होते, हेही खरं. पहिल्या आठवड्यात, मूड चांगला असताना, त्यांनी सगळ्या शिकाऊंना एका चेपलेल्या गाडीपुढं उभं केलं आणि म्हणाले, "ध्येनात ठेवा. लोखंड वाकलं तर सरळ करायचं. मुरडलं तर बदलायचं. वाकलेलं परत उभं ऱ्हातंय. मुरड पडली की तितला जीव गेला. वरनं कितीबी देखणं करा, पुन्हा ठोकर बसली की तितनंच तुटणार."

पोरांनी ते वहीत लिहून घेतलं. प्रमोदिनीला लिहावं लागलं नाही. करंजीला घातलेली मुरड कधी कुणी काढून दाखवली आहे का?

गणपती होऊन गेल्यावर शिरोळकडची एक व्हॅन आली. गणपतराव नावाच्या माणसाची. तो आसपासच्या वाड्यांवरची पोरं भरून जयसिंगपूरच्या शाळेत सोडायचा. दुधाच्या टेम्पोनं पुढून कोपऱ्यावर धडक दिली होती. "नशीब माझं, पोरं उतरून गेल्ती," असं तो प्रत्येकाला सांगत होता. प्रमोदिनीलाही त्यानं दोनदा सांगितलं.

त्या दिवशी दोन्ही पोरं सुट्टीवर होती, म्हणून व्हॅन तिच्या वाट्याला आली. तिनं पोतं अंथरलं आणि सरळ गाडीखाली शिरली. ड्रायव्हरच्या सीटखालून पुढं जाणारा चॅसीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा दांडा नुसता वाकलेला नव्हता. त्याला आडवी घडी पडली होती. तिनं बाहेर येऊन हात पुसले आणि लिहिलं: पुढचा दांडा, नवीन. तिचं पहिलं एस्टिमेट. सयाजीरावांनी ते वाचलं, गाडीखाली एकदा डोकावले आणि म्हणाले, "बराबर." एवढा एक शब्द घेऊन ती घरी गेली आणि लेकीला, तेजस्वीला, दोनदा सांगितला.

विमा कंपनीनं एस्टिमेट मंजूर केलं. व्हॅन पत्राकाम करणाऱ्या डेंटर जोतीरामकडे गेली.

शनिवारी गाडी द्यायची होती. चार वाजता गणपतराव येणार होता. बाराच्या सुमारास प्रमोदिनी आपलं पहिलं काम बघायला म्हणून सहज गेली. व्हॅन नव्यासारखी चमकत होती. ती वाकली, मोबाइलचा उजेड पाडला. दांड्याला ताजा काळा रंग होता. तिनं आतल्या बाजूनं बोट फिरवलं. एका जागी बोट किंचित अडखळलं.

तिच्या पर्समध्ये एक चुंबक असायचं. रंगाखाली पत्रा आहे की खड्डा बुजवायला भरलेली लांबी, म्हणजे पुटी, हे बघायला पोरांकडे वर्कशॉपची चुंबकं होती. तिला कुणी दिलं नव्हतं. घरी फ्रिजवर अंबाबाईचं चुंबक होतं, पण ते काही ती गाड्यांना लावणार नव्हती. म्हणून तेजस्वीच्या मोडक्या कंपासपेटीचं काढून आणलं होतं. ते तिनं दांड्याला लावलं. मागं चिकटलं, पुढं चिकटलं. मधे चिकटलं नाही.

"जोतीराम," ती म्हणाली, "हा दांडा नवीन नाही."

जोतीराम पाना पुसत राहिला. "वैनी, मला नका इचारू. ठोक म्हणले, ठोकला. भर म्हणले, भरली."

ती सयाजीरावांकडे गेली. ते फोनवर होते. ती उभी राहिली. फोन झाल्यावर म्हणाली, "सर, व्हॅनचा दांडा जुनाच आहे."

"मग?"

"नवीन लिहिलाय. कंपनीनं नवीन म्हणून पास केलाय."

"नवीन यायला पंधरा दीस लागत्यात. पावण्याला घाई. मालकास्नी गाड्या बाहेर काढायची घाई. चालतंय हो."

"तुम्हीच म्हणाला होता, मुरडलं तर बदलायचं."

"ते शिकताना," सयाजीराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "आता तुमी शिकलाय."

प्रमोदिनीच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं. "सर, त्यात लहान पोरं बसतात. चार वाजता ते आले की मी त्यांना सांगणार."

"तुमी?" ते मोठ्यानं हसले. "तुमचा आवाज हितनं तितपतूर जात न्हाय, मॅडम! जावा, जेवा. आणि पुढच्या म्हैन्याचा जरा इचार करा."

नेहमीच्या वेळेला, दीड वाजता, ती जेवायला गेली. पार्टच्या खोलीत, खोक्यांच्या मागं, तिची रोजची जागा होती. चातुर्मासात तिचं मौनभोजन असायचं. लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. पहिला घास घेतला की शेवटचा घास संपेपर्यंत शब्द नाही, खूण नाही. शब्द निघालाच तर पानावरून उठायचं, आणि त्या दिवशी पुन्हा अन्नाला शिवायचं नाही. वर्कशॉपमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. आधी चेष्टा झाली. "कांदा न्हाय, लसूण न्हाय, बोलणं न्हाय! मग जेवतासा तरी कशाला?" असं सयाजीरावच म्हणाले होते. मग सगळ्यांना सवय झाली.

तिनं डबा उघडला. दोडक्याची भाजी, भाकरी, दहीभात. हात जोडले. दुसरा घास तोंडात होता तेव्हा दार उघडलं.

सयाजीराव होते, आणि त्यांच्या मागं गणपतराव.

चारला येणारा माणूस आत्ता कसा आला, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. मघाशी तिची पाठ वळताच सयाजीरावांनी पुन्हा फोन उचलला होता. ह्या माणसानं तिचा घास मोजून गाडी द्यायची वेळ बदलली होती.

"हे बघा, गणपतराव," सयाजीराव म्हणाले. "एस्टिमेट ह्या मॅडमनी लिवलंय. दांडा नवीन, हे ह्यांच्याच अक्षरात हाय. माझ्यावर इस्वास न्हाय ना? मग त्यास्नी इचारा. काय मॅडम, दांडा नवीनच हाय न्हवं?"

प्रमोदिनीनं त्यांच्याकडे बघितलं.

"ताई, बोला की," गणपतराव म्हणाला. "सोमवारपास्नं पोरं न्यायची हाईत. आयाबाया इचारत्यात मला, गाडी नीट झाली का म्हणून."

घास तोंडातच होता. खुणेचा नियम मोडून तिनं जोरात मान हलवली. नाही.

"बघा!" सयाजीरावांनी तेवढ्यात गणपतरावाच्या पाठीवर थाप मारली. "काळजी करू नका म्हणत्यात. अवो, चार म्हैन्यांचं मौन पाळणारी देवभक्त बाई ही. खोटं असतं तर गप बसली असती व्हय?"

इतके दिवस तिनं खूप गिळलं होतं. गाडीखाली जाऊ न देणं गिळलं, लग्नाचे टोमणे गिळले. आपल्या आवाजावर माणसं शांत करून त्यांच्याकडून सह्या घेतल्या जातात, हेही गिळलं. पण व्रत तिचं होतं. ते तिनं देवापुढं घेतलं होतं, ह्या माणसाच्या खोट्यावर शिक्का मारायला नव्हे. तिच्या देवाला उचलून ह्यानं त्या काळ्या रंगाखाली भरलं होतं, लांबीसारखं.

तिनं घास गिळला.

"दांडा जुनाच आहे," ती म्हणाली.

आवाज नेहमीसारखाच हळू होता. पण खोलीत तिघंच होती, आणि तिघांनाही ऐकू आलं.

"मुरडलेला होता. तो ठोकून, लांबी भरून वरून रंग मारलाय. त्यात पोरं बसवू नका."

"मॅडम!" सयाजीरावांचा चेहरा पडला. "मौन हाय न्हवं तुमचं?"

"होतं," ती म्हणाली आणि उठली.

खरकटा हात तसाच डाव्या हातानं सावरत ती व्हॅनपाशी गेली. गणपतराव मागोमाग. तिनं पर्समधलं चुंबक काढून त्याच्या हातात दिलं आणि जागा दाखवली. त्यानं लावलं. ते खाली पडलं. त्यानं उचलून पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. तो उकिडवा बसून त्या फरशीवरच्या तुकड्याकडे बघत राहिला.

मग उठला तो तिच्यावरच. "कागदावर अक्षर तुमचं, आणि आता सांगताय व्हय? मी सकाळी आलो असतो तर? घिऊन गेलो असतो की मी गाडी!"

प्रमोदिनीला वाटलं होतं, तो निदान तिच्यावर तरी ओरडणार नाही. पण त्याचं चुकलं काय होतं? "खरं आहे," ती म्हणाली.

गणपतराव गाडी तिथंच सोडून मालकांच्या केबिनकडे गेला. त्याचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. सयाजीराव तिच्याजवळून जाताना थांबले. "जेवा आता, मॅडम. डबा गार हुतोय."

तिनं डबा बंद केला. पोरं इकडंतिकडं बघत होती. जोतीराम तेवढा पुढं आला आणि तिच्या हातावर तांब्यानं पाणी घातलं. एसटी स्टँडवर तिनं भाकरी आणि भात एका गाईपुढं ठेवला आणि उपाशीच जयसिंगपूरला गेली. देवापुढं बसली तेव्हा वर्षानुवर्षांचं व्रत मोडल्याचं रडू आलं. रडू आलं म्हणून पुन्हा राग आला. कुणी मोडायला लावलं, आणि पाप कुणाच्या पदरात?

दुसऱ्या दिवशी रविवार. चातुर्मास संपलेला नव्हता. मोडलं ते कालचं पान होतं. तिनं आज पुन्हा ताट वाढून घेतलं, हात जोडले आणि पहिला घास घेतला.

फोन वाजला. शेजारी बसलेल्या तेजस्वीनं नाव बघितलं. "आई, तुझे सर." आईचं मौन तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकून ताटाजवळ ठेवला.

"मॅडम, सयाजीराव बोलतोय," आवाज एकदम गोड होता. "मालक म्हणत्यात, झालं गेलं सोडा. तुमचं कायमचं पत्र तयार हाय. गणपतराव तुमच्याबिगर कुणाचं ऐकंना झालाय. त्याला एवढंच सांगा, चुंबकाचं काय खरं नसतंय. तुमी सांगितलं की ऐकंल तो."

प्रमोदिनीनं भाकरीचा तुकडा मोडला.

"ऐकताय न्हवं?"

तिनं भाजी लावली. तेजस्वी कधी फोनकडे, कधी आईकडे बघत होती.

"हॅलो? मॅडम? बोला की कायतरी."

तिनं दहीभात कालवला आणि सावकाश, एकेक शीत गोळा करत, खात राहिली. मग सयाजीरावांचा आवाज आला. या खेपेला त्यात गोडी नव्हती.

"न्हाय म्हणताय व्हय?"

प्रमोदिनीनं शेवटचा घास घेतला.