जिंतूरहून परतीचे सत्तावीस मैल

सत्तावन्न सालच्या वैशाखात परभणीत ग्रामसेवकांची सायकल शर्यत निघाली. जिंतूरला जायचं, तिथं हातावर शिक्का घ्यायचा आणि संध्याकाळी सहाच्या आत परत यायचं. एकूण चौपन्न मैल. चौदा नावं आली. त्यात बाईचं एकच, नर्मदाबाईचं.

ती मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा गेल्यावर शिकली, ग्रामसेविका झाली आणि सरकारनं दिलेल्या सायकलीवर अकरा गावं फिरू लागली. "जिंतूरपर्यंत पोचलात तरी पुष्कळ झालं," पंच दिनकरराव म्हणाले. वाईट मनानं बोलले नव्हते, तरी तिला ते लागलं.

सकाळी सातला निघून अकराला ती जिंतुरात पोचली. शिक्का घेतला, पदर भिजवून डोक्यावर घेतला आणि लगेच मागं फिरली. तोवर रस्ता तापला होता. हँडलचं लोखंड हाताला चटके देत होतं, फुफाटा डोळ्यांत जात होता. बोरीच्या अलीकडं तिच्या ध्यानात आलं, की अंगाला घाम येईनासा झालाय. कातडी कोरडी ठक्क, आणि एवढ्या उन्हात अंगावर काटा.

ऊन बाधल्याची ही खूण तिला ठाऊक होती. ती भ्याली. सायकल आडवी टाकून रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसली.

मागून बन्सीधर आला. तिच्याबरोबर काम करणारा ग्रामसेवक. "काय करायलाव बाई? उठा! बसलं की पाय आखडत्यात."

"भाऊ, तुमी बी बसा. लय ऊन हाय."

"मग सहाच्या आत कसं व्हावं?"

"मेंढरं बी या टायमाला एकमेकीच्या पोटाखाली मुंड्या घालून उभी ऱ्हात्यात. मारलं तरी हालत न्हाईत."

"आपण काय मेंढरं हाव?" तो हसला आणि निघून गेला.

आणखी दोघं गेले. मग रस्ता रिकामा झाला. तिच्याकडं घड्याळ नव्हतं. घोट घोट पाणी पीत ती लिंबाची सावली सरकताना बघत राहिली. आपण चुकलो, असं दहादा वाटलं. उठायला गेली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. कपाळाला पहिला घाम फुटला तेव्हा सावलीबरोबर तीही हातभर पलीकडं सरकली होती. ती उठली.

झरीच्या विहिरीजवळ तीन सायकली पडलेल्या दिसल्या. बैलगाडीत कडब्यावर बन्सीधर आडवा होता, डोक्यावर ओला पंचा. ती उतरली.

"शुद्धीवर हाय," गाडीजवळचा म्हातारा म्हणाला. "वांती झाली. जीप यायलीय."

"बन्सीभाऊ?"

त्यानं डोळे उघडले, परभणीकडं बोट केलं. "जावा. थांबू नका."

ती निघाली. आता वारा समोरून होता. ऊन पाठीवर आलं आणि तिची सावली पुढं पुढं लांबत चालली. पाऊण वाटेवर पदर चेनीत गुंतला. ती पडली, गुडघा फुटला. ओढून निघेना, तेव्हा तिनं दातानं लुगडं फाडलं, तुकडा चेनीतून उपसला आणि रडतच पुन्हा पायडल मारलं. पोटऱ्यांत गोळे येत होते. वेळ किती झाली, कुणाला विचारायची हिंमत होत नव्हती.

परभणीत शर्यतीच्या मंडपाजवळ लोक ओरडत होते. काय, ते तिला ऐकू येत नव्हतं. दोरी ओलांडली तरी ती पायडल मारतच राहिली. शेवटी पार्वतीबाई नावाच्या शिक्षिकेनं धावत जाऊन सायकल धरली. हँडलवरची बोटं उघडेनात. एकेक करून सोडवावी लागली.

"पाच छप्पन्न," दिनकरराव म्हणाले. ओरडून आवाज बसला होता त्यांचा. "चौदातले पाच आले. तुम्ही पाचव्या."

"बन्सीभाऊ कुठं हाय?"

"दवाखान्यात. बोलायलाय, पाणी प्यायलाय."

मग तिनं तांब्या तोंडाला लावला.

दोन दिवस तिला नीट चालता आलं नाही. तिसऱ्या दिवशी ती एसटीच्या मोटारीनं कामावर गेली, आणि पुढं गावं फिरायला सायकल टपावर बांधलेली होती.