हेलेनी

मारुतीराव मास्तरांनी अकरा वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक छापायचं की ट्रंकेत ठेवायचं, हे ठरवणं आता त्यांच्या मुलीकडे, विनोदिनीकडे, आलं होतं. मास्तर बेळगावच्या हायस्कुलात इतिहास शिकवत. पौषात ताप आला आणि आठ दिवसांत ते गेले. चौदाव्या दिवशी विनोदिनी आपल्या शाळेत शिकवायला गेली, आणि त्याच आठवड्यात छापखान्याच्या मालकांकडून हस्तलिखित निरोपासह परत आलं.

मालक भले गृहस्थ. मजकुरावर ते खूष होते, पण प्राचीन ग्रीकांच्या या इतिहासात मास्तरांनी पुस्तकभर त्यांना ‘हेलेनी’ म्हटलं होतं. मुलांना ग्रीक ठाऊक, परीक्षेत ग्रीक, नकाशात ग्रीस. असलं नाव वापरणारं पुस्तक पाठ्यपुस्तकं निवडणारी कमिटी शाळांत लावायची नाही. तेवढा शब्द बदला, सोमवारपासून छपाईचे खिळे जुळवायला घेतो, असं त्यांनी सांगितलं.

तो शब्द कुठून आला, हे विनोदिनी वडिलांकडून, आप्पांकडून, कितीदा तरी ऐकत आली होती. ग्रीक हे नाव जगभर केलं रोमन लोकांनी. ते लोक स्वतःला हेलेनी म्हणवत, हेलेन नावाच्या मूळपुरुषाचे वंशज. आधी ते एका लहानशा मुलखाचंच नाव होतं. मग ज्यांची भाषा एक, देव एक, खेळांचे मेळे एक, त्या सगळ्यांचं झालं. पुढे धर्म बदलला, हेलेनी म्हणजे जुने देव पुजणारा असा अर्थ झाला, तेव्हा त्यांनीच ते टाकलं. आणि शंभरेक वर्षांपूर्वी तुर्कांपासून स्वतंत्र झाले तेव्हा पुन्हा उचललं. त्यांच्यासाठीचा आपल्याकडचा जुना शब्द ‘यवन’ आप्पांनी विचार करून बाजूला ठेवला होता. त्या शब्दाचा अर्थ इकडे केव्हाच दुसऱ्या लोकांकडे वळला, असं ते म्हणत.

हे सगळं ठाऊक असूनही तिने पेन्सिल घेतली. एका शब्दापायी अकरा वर्षं ट्रंकेत कुजवणं तिला पटेना. आधी शेवटचं, युद्धाचं प्रकरण घेऊन तिने प्रत्येक ‘हेलेनी’वर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात ‘ग्रीक’ लिहिलं.

रविवारी ती पानं घेऊन ती जवळच्याच शहापूरला आण्णाप्पा विणकराकडे गेली. आप्पांची ती रीतच होती. प्रत्येक प्रकरण ते आण्णाप्पाच्या हातमागापुढे बसून मोठ्याने वाचत. आण्णाप्पाला अक्षर येत नव्हतं. वाचता वाचता मागावर सूत घेऊन पळणारा धोटा थांबला, की वाक्य अवघड झालं असं समजून आप्पा समासात फुली मारत आणि घरी येऊन ते वाक्य मोडून नव्याने लिहीत. तीन भाषा कोळून प्यालेला माणूस आपलं मराठी एका मागावर तपासून घेतो, याचं तिला लहानपणी हसू यायचं. आता त्या फुल्यांवरून ती बोट फिरवी.

शेवटचं प्रकरण तेवढं ऐकवायचं राहिलं होतं. तिने वाचलं. धोटा एकदाही थांबला नाही. वाचन संपल्यावर मात्र आण्णाप्पाने हात आवरला.

“हे ग्रीक लई शूर दिसत्यात,” तो म्हणाला. “पण आपल्या हेलेनींचं काय झालं, आक्का? ह्यांनी त्यास्नी हाकललं व्हय?”

त्याची बायको यल्लव्वा सुताच्या कांड्या भरत बसली होती. ती म्हणाली, “मास्तर असते तर असं होऊ दिलं नसतं.”

विनोदिनीला हसू आलं, ते आवरेना, आणि मग पदराने डोळे पुसावे लागले. दोघंही एकच लोक, हे तिने समजावून सांगितलं. एक नाव दुसऱ्यांनी दिलेलं, एक त्यांचं स्वतःचं.

“म्हंजे आमच्यावानीच की,” आण्णाप्पा म्हणाला. “बाजारात आमास्नी कोष्टी म्हणत्यात. हाक मारली की ओ देतो, राग न्हाय. पण लेकीच्या लग्नाच्या चिठ्ठीत आमचं नाव देवांगच घालतो.” त्याने धोटा पुन्हा हातात घेतला. “मास्तरांचं पुस्तक काय बाजार न्हवं, आक्का.”

आप्पा वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला, घरी तुला काय म्हणतात रे, असं विचारून घेत. तिला तो त्यांचा गमतीचा स्वभाव वाटायचा. हजारो वर्षांपूर्वीच्या, परक्या मुलखातल्या लोकांनाही त्यांनी तेच विचारलं होतं. पुस्तकातली विद्वत्ता तिला आधीच दिसली होती. त्यातली माणुसकी तिला एका निरक्षर माणसाने दाखवली. घरी येऊन तिने रबर घेतलं.

सोमवारी शाळेआधी ती छापखान्यात गेली. पहिल्या प्रकरणाआधी तिने चार ओळी घातल्या होत्या: जग या लोकांना ग्रीक म्हणतं, परीक्षेत मुलांनीही तसंच लिहावं, या पुस्तकात त्यांना त्यांच्या नावाने हाक मारली आहे. मालकांनी त्या दोनदा वाचल्या. कमिटीचं काही सांगता येत नाही, असं ते पुन्हा म्हणाले.

“कमिटीनं तिचं ठरवावं,” विनोदिनी म्हणाली. “शाळांत लागलं नाही तरी छापायचं आहे. नाव बदलायचं नाही.”

मालकांनी त्या चार ओळी वर ठेवून पानांचा गठ्ठा सारखा केला. मग त्यांनी खिळे जुळवणाऱ्याला हाक मारली आणि पहिलं पान त्याच्या हातात दिलं.