मार्तंडाच्या घरातली मरळ

मार्तंड भोयाला मरळ घावली. हातभर लांब, काळीशार. आता हे विसरा. गावात आम्ही सगळे विसरलो आहोत, अन् कुणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगा, की घावलीच न्हाई.

तर मार्तंड सकाळपासून तळ्यात छातीइतक्या पाण्यात उभा होता, अन् काठावर त्याची बायको जगदेवी.

"घावली का?"

"न्हाई."

"उद्या मुखेडचे पाव्हणे येऊन राहिले. पोराच्या मायचा, लक्ष्मीबाईचा निरोप काय हाय? भोयाच्या घरी येतो, मरळ खाऊ, मंग सोयरीक बोलू. तिला काय वांग्याला शेपूट लावून वाढू?"

"काल हितंच होती."

"काल पाणीबी हितंच होतं."

जगदेवीचं खरं होतं. तळं भरलेलं असलं की मरळ काठाला राहते, बुडालेल्या बाभळीत, बेशरमीच्या झुडपात, दबा धरून. पाणी उतरलं की झुडपं उघडी पडतात, आडोसा जातो, अन् ती आत आत सरकते. आता आमच्या तळ्याचं पाणी नळानं लातूरला जातं, शिकवणीच्या पोरांना. पोरं डॉक्टर व्हायला येतात अन् होईपर्यंत अंघोळी करतात. परीक्षेच्या दिवशी मात्र कुणी अंघोळ करत नाही. त्या दिवशी पाणी थांबतं, मरळही थांबते. त्यामुळं लातूरच्या परीक्षा कधी, हे पोरांपेक्षा मार्तंडाला जास्त पाठ.

यंदा बाभळी कोरड्या पडल्या, बेशरम वाळली, नाल्याच्या डोहाचा चिखल झाला. आडोसा उरला एकच, मधला दगडांचा ढीग. भूकंपात जुनं गाव बसलं तेव्हा सरकारी मशीननं घरंच्या घरं तळ्याच्या खळग्यात लोटली. मार्तंडाचं घर सगळ्यात वर आलं. त्याची माय त्याच घराखाली गेली होती. तेव्हापासून आम्ही नव्या गावात वीतभर भिंतीत निजतो, अन् दोन हात रुंद भिंतीत मासे निजतात.

"ढिगात हाय ती," जगदेवी म्हणाली.

"ठाव हाय मला."

"मंग जा की."

"मायच्या घरात जाळं टाकू?"

"जाळं नको टाकू. दार वाजव."

मार्तंड गेला. आम्ही काठावरून बघत होतो, त्यानं खरंच दगड वाजवला. मग हात आत घातला. माय ज्या उंबऱ्यावर विळा पाजवायची, त्या उंबऱ्याची झिजलेली खाच त्याच्या बोटाला लागली असावी, कारण तो उगीच बराच वेळ तिथं थांबला. अन् मग हात वर आला तो मरळीसकट.

तेवढ्यात त्याच्या छातीभोवती पाणी तांबडं झालं. पिल्लं. गुंजा उकळाव्यात तशी, गोल गोल, आईला शोधत.

पिल्लं राखणारी मरळ भोई धरत नाही. आई उचलली की बाकीचे मासे घटकेत पिल्लं साफ करतात. मार्तंडानं एकदा मरळीकडं पाहिलं, एकदा बायकोकडं, अन् मरळ उंबऱ्याच्या आत सोडली.

"मला काय बी दिसलं न्हाई," जगदेवी म्हणाली. मग आमच्याकडं वळून, "तुमाला?"

आम्हालाही नाही.

दुसऱ्या दिवशी पाव्हण्यांच्या ताटात झुणका. लक्ष्मीबाईनं बोटानं तो इकडून तिकडं केला.

"मार्तंडराव, मुखेडात बी हरभरा पिकतो."

"मरळ हाय, बाई."

"मंग ताटात कामून न्हाई?"

"घरी हाय."

"अन् हे कुणाचं घर?"

शेवटी त्यानं तिला तळ्यावर नेलं. मागून त्याची लेक सिंधु निघाली. पोरगा तिनं जत्रेत बघितला होता अन् तिला पसंत होता. झुणक्यापायी तो हातचा जाणार, या काळजीनं तिच्या पायाला उसंत नव्हती.

लक्ष्मीबाई पदर खोचून पाण्यात उतरली. ढिगावर फिरणारा तांबडा घोळका बघितला.

"पाणी किती उतरतंय?"

"रोज बोटभर."

"उंबरा?"

"वीतभर खाली."

"पिल्लं सुटी व्हायला पंधरवडा पायजे. तवर हे घर उघडं पडतंय. बगळे आईलेकरं संगटच नेतील."

"व्हय."

"मंग ऐका. पिल्लं सुटी झाली की मला मरळ पायजे. हीच. हिला खाऊन सोयरीक बोलू. बगळ्यानं खाल्ली तर आमी दुसरीकडं बघू."

"मला कुणी इचारलं का?" सिंधु म्हणाली.

"मरळीला तरी कुणी इचारलं?" लक्ष्मीबाई म्हणाली, अन् एसटी धरायला निघाली.

तेव्हापासून मार्तंड रोज उंबऱ्यावर हात ठेवून पाणी मोजतो. काल पाणी चार बोटांवर आलं. मग त्यानं सांगितलं अन् आम्ही लिहिलं:

मा. शाखा अभियंता साहेबांचे सेवेशी. अर्ज करतो की, सदर तळ्यात माझे घर असून त्यात सध्या एक मरळ पिल्लांसह वास्तव्यास आहे. पाणी आणखी उतरल्यास सदर पिल्लांचे व माझ्या मुलीचे भरून न येणारे नुकसान होईल. तरी पिल्ले सुटी होईपर्यंत लातूर येथील शिकवणीच्या समस्त विद्यार्थ्यांची रोज परीक्षा घेण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.