पाहुणा म्हणजे कोणता?

मी एक जुना हेडफोन आहे. मित्रांनो, लोकांचे कान भरणं हाच माझा धंदा, पण चुगलखोरासारखा नव्हे हं! एका भाषेत बोललेलं दुसऱ्या भाषेत कानापर्यंत पोहोचवायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यात एका चष्मेवाल्या बाईंनी माझ्या तारा जोडल्या, आणि तिथून मी थेट एका सभागृहात आलो. नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या प्रांतांची बोलणी तिथे चालायची. लांब टेबलाच्या या बाजूला आमचे साहेब, समोर पलीकडच्या मुख्य बाई. मी त्या बाईंच्या वाट्याला आलो. त्यांचं डोकं लहान, त्यामुळे मी सारखा घसरायचो.

मागे काचेच्या खोलीत आमची दुभाषी बसायची. रोज सकाळी आवाज तपासायला ती पलीकडच्या भाषेत तीनच शब्द म्हणायची: पाना, खिळा, सावकाश. वायरमनने एकदा कारण विचारलं.

"बाबांनी शिकवलेले पहिले शब्द," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं पलीकडे जहाजांच्या कारखान्यात आहेत. घरच्यांना तिकडे न्यायची परवानगी नाही. वर्षातून पंधरा दिवस येतात, तेव्हा कपडेसुद्धा बॅगेतच ठेवतात. आई म्हणते, कपाटात लावा की. तर म्हणतात, कशाला, पुन्हा भरायचेच आहेत."

वायरमन पुन्हा तारा तपासायला लागला. मला मात्र फार वाईट वाटलं.

बोलण्यांत वीज, बंदर, मालावरचा कर हे सगळं दोन दिवसांत मिटलं. गाडी अडली ती माणसांवर. कामगारांनी बायकामुलांना न्यावं की नाही, यावर नऊ दिवस गेले. पलीकडचे नाहीच म्हणत होते. शेवटी आमचे साहेब गोडीगुलाबीने म्हणाले, "अहो, तुमच्याकडे राबणारे आमचे लोक म्हणजे तुमचे पाहुणेच."

दुभाषी थांबली. मला नुसता तिचा श्वास ऐकू आला. मग ती दोन्ही भाषांत म्हणाली, "साहेब, एक खुलासा हवा. आपल्याकडे पाहुणा म्हणजे चार दिवस राहून जाणारा. आणि 'ते आमचे पाहुणे लागतात' म्हणतो, तेव्हा तो नात्यातला. त्यांच्या भाषेत याला दोन वेगळे शब्द आहेत. कोणता सांगू?"

तिला कोणता हवा होता, ते मला ठाऊक होतं. तिने तो हळूच सांगून टाकला असता, तरी कोणाला पत्ता लागला नसता. पण तिने विचारलं.

साहेब पेचात पडले. नातं सांगायचं म्हणजे येणंजाणं दोन्हीकडून आलं. उद्या पलीकडचेही आपल्याकडे येणार. ते पाणी प्यायले, समोरचे कागद सारखे केले.

"दुसरा," ते म्हणाले. "नात्यातला."

बाईंनी मला कानांवर घट्ट दाबलं. त्या म्हणाल्या, "मग नवऱ्याला बोलवायचं आणि बायकोला नको म्हणायचं, हे काही बरं दिसत नाही."

संध्याकाळपर्यंत कलम बदललं. पाच वर्षं काम केलेल्यांना घरच्यांना नेता येईल, असं ठरलं. बाकीच्यांचं राहिलंच, ही रुखरुख मला अजून आहे.

सगळे उठले. बाई तेवढ्या मला कानांवर ठेवून कागद चाळत होत्या. काचेच्या खोलीतला माईक बंद करायचं दुभाषी विसरली होती. ती फोनवर म्हणाली, "आई, बाबांना सांग, आता दोघांना पुरेल अशी खोली बघा." पुढे तिला बोलवेना. बाईंना आमची भाषा येत नव्हती, पण कळायचं ते कळलं असावं. त्यांनी मला अलगद उतरवलं आणि आवाज न करता टेबलावर ठेवलं.

आता माझा डावा कान गेला आहे. नवे बिनतारी हेडफोन आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या वायरी ओढू नका, नीट गुंडाळून ठेवा. पण वायर तुटली तर नवी मिळते. शब्द कळला नाही, तर विचारायला लाजू नका. आणि समोरचा बोलत असताना कंटाळून मला काढून ठेवू नका. त्या बोलण्यावर कोणाच्या तरी आईबाबांचं एकत्र राहणं अवलंबून असतं.