कवचाची खिळी

माघ सरत आला होता. खाडीच्या निश्चल, नीलश्यामल जळावर पश्चिमेचं पिकलं ऊन पसरलं होतं. माडांच्या माथ्यावर ऊन, देवळाच्या कळसावर ऊन, खेळाच्या मांडावरच्या रित्या बाकड्यांवर ऊन. गावची जत्रा होती.

या गावात कर्णाचा खेळ उन्हातच व्हायचा. कर्ण सूर्याचा मुलगा. त्यानं कवच द्यायचं ते बापाच्या डोळ्यांदेखत, सूर्य खाडीत बुडण्याआधी. आणि रीत अशी, की ज्या हातांनी कर्णाला कवच चढवायचं, त्याच हातांनी इंद्र होऊन ते मागायचं.

ते हात सगुणदादांचे. एके काळी कर्ण म्हणून तळपलेले, आता थरथरणारे. आता कर्ण होता त्यांचा धाकटा भाऊ जयवंत: उंच, देखणा आणि भलता उतावळा.

कवच पत्र्याचं, बेगडानं मढवलेलं. सुवर्णवर्ण, सूर्यस्पर्शानं झळाळणारं. खांद्यावर दोन कड्या, आणि त्या कड्यांतून सरकणारी पितळेची इवलीशी खिळी. सारं वैभव त्या एवढ्याशा खिळीवर तोललेलं. त्या दुपारी ती दादांच्या बोटांतून निसटली आणि वाळूत गेली. दोघांनी वाळू चाळली, पण ती काही सापडली नाही.

"हात थरथरतत तर मदी मदी कित्याक येतंस?" जयवंत खेकसला.

दादांनी हात पाठीमागे घेतले.

कवच अंगावर तसंच धरून जयवंत जत्राभर हिंडला. बांगडीवाल्याची पिन वाकली. सुताराचा खिळा कडीत शिरेना. शेवटी सायकलवाल्याकडे बोल्ट मिळाला: काळा, कणखर, कठोर. जयवंतनं तो पान्यानं आवळून घेतला. वर नट निसटू नये म्हणून टोकही ठोकून चपटं करून घेतलं. आता कवचाची हलायची बिशाद नव्हती.

दादांनी बोल्ट न्याहाळला. "घट्ट झालो खरो. पण सुटात काय रे?"

उत्तर द्यायला जयवंतला सवड कुठली! वेड्यानं बंदोबस्त पाहिला, दान विसरला.

खेळ रंगला. ऊन पिवळ्याचं केशरी झालं, केशरीचं तांबूस. ब्राह्मणवेषधारी इंद्र पुढे आला, त्यानं ओंजळ पसरली. "दे राजा, तुझं कवच दे."

कर्णाचा हात खांद्याकडे गेला. बोल्ट वळेना. नखं तुटली, बोल्ट वळेना. सूर्य पाण्याला टेकला आणि दानशूर कर्ण भर मांडावर घामाघूम उभा राहिला.

इंद्राच्या वेषातले दादा जवळ आले. त्यांची थरथरती बोटं बोल्टवर क्षणभर टेकली, पोराचा ताप पाहावा तशी. मग संहितेत कधीच नसलेलं वाक्य ते बोलले. "राहू दे राजा. तुझ्या अंगावरच शोभतं ते."

रिती ओंजळ मिटून ते मांडावरून उतरले आणि लोकांतून वाट काढत घरी गेले. लोकांना वाटलं, नवा प्रवेश आहे, टाळ्या पडल्या. सूर्य बुडाला.

कवच कातरीनं कापून काढावं लागलं. 'चुकलं माझं' एवढंच दादांना सांगायचं होतं. उद्या सांगू, जयवंत म्हणाला. मग शिमगा झाल्यावर, मग भाताची लावणी आटपल्यावर. दादा पुन्हा मांडावर आले नाहीत. आणि पुढचा माघ उजाडण्याआधी ते गेलेच.

जत्रेच्या सकाळी वहिनी दारात आली. तिच्या तळहातावर पितळेची खिळी होती, पळीचा दांडा कापून केलेली. थोडी वाकडी, पण लख्ख. "ह्येंनी पावसाभर बसान घासल्यांनी," ती म्हणाली. "तुकाच देवक सांगल्यांनी."

थरथरत्या हातांनी घासलेली ती खिळी मुठीत धरून जयवंत ओटीवरच बसला. त्याला रडू आवरेना.

पुन्हा तेच ऊन, तीच खाडी, तोच मांड. सांधलेल्या कवचाच्या कड्यांत खिळी सहज शिरली होती. कर्णाचं बोट लागताच ती सहज सुटली. कवच उतरलं. सूर्य अजून पाण्याच्या वर होता, बघत होता. समोर ओंजळ पसरलेली होती, दुसऱ्याच कुणाची. आणि ती जराही थरथरत नव्हती.